पानगळीचे रंग आणि पाचोळ्याचे मोल

शरद ऋतू आला की पाने रंगतात आणि लोक ती पाहण्यासाठी प्रवासाला निघतात, ही प्रथा थंड प्रदेशांतील आहे. काश्मीरच्या खोऱ्यात ऑक्टोबरच्या अखेरीस चिनार प्रथम पिवळा, मग नारिंगी आणि शेवटी गडद तांबडा होतो. या ऋतूला काश्मिरी भाषेत ‘हरुद’ म्हणतात. श्रीनगरमधील हजरतबलजवळची नसीम बाग या दिवसांत पाहणाऱ्यांनी गजबजून जाते. जपानमध्ये मेपलची रंगलेली पाने पाहण्यासाठी रानात जाण्याचा रिवाज शतकानुशतके चालत आला आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत तर या काही आठवड्यांवर गावोगावचा पर्यटन व्यवसाय अवलंबून असतो.

ही चित्रे दिनदर्शिकांवर आणि पाठ्यपुस्तकांत पाहिलेल्या मराठी वाचकाचा असा समज होतो की, महाराष्ट्रात पानांचे रंग असे काही नसतेच. आश्विन-कार्तिकात सह्याद्रीवर नजर टाकली तर हा समज खरा वाटावा अशीच स्थिती असते. त्या वेळी डोंगरउतारावरचे गवत पिकून सोनेरी होते, झाडे मात्र अद्याप हिरवीच असतात. परंतु यावरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. महाराष्ट्रातील बहुसंख्य वने पानझडी आहेत. त्यांचा रंगोत्सव शरदात होत नसून मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत टप्प्याटप्प्याने चालतो. शिवाय येथे पान जसे गळताना रंगते, तसेच ते जन्मतानाही रंगते. हा सोहळा कोठे व केव्हा पाहावा, आणि त्यातून जमिनीवर साचणाऱ्या पाचोळ्याशी गावाचे हित कसे निगडित आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पान का रंगते?

पानाचा हिरवा रंग हरितद्रव्यामुळे येतो. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करण्याचे काम हे द्रव्य करते. हे द्रव्य सतत झिजते आणि झाड ते सतत नव्याने घडविते. पान टाकण्याची वेळ जवळ आली की झाड ही घडण थांबविते. पानातील नत्र, स्फुरद यांसारखी मोलाची द्रव्ये ते फांद्यांत व खोडात परत ओढून घेते. हिरवा रंग ओसरला की त्याखाली आधीपासूनच असलेली पिवळी व नारिंगी रंगद्रव्ये दिसू लागतात. गाजराला रंग देणारे द्रव्य याच कुळातील होय. तांबडा रंग मात्र निराळ्या मार्गाने येतो. पानात उरलेल्या शर्करेपासून काही झाडे अखेरच्या दिवसांत तांबडे द्रव्य नव्याने तयार करतात. भरपूर ऊन आणि गार रात्री यांचा संयोग झाला की हा रंग अधिक खुलतो. थंड प्रदेशात तांबडा रंग ठळक आणि आपल्याकडे पिवळा व तपकिरी रंग अधिक, याचे एक कारण येथे आहे.

दरम्यान देठाच्या तळाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो. हा थर सुटला की पान गळते आणि फांदीवरील जखम आधीच भरून आलेली असते. म्हणजे पान वाऱ्याने तुटते असे वाटले, तरी झाडाने त्याला पूर्वीच निरोप दिलेला असतो.

थंड प्रदेशात झाड पान टाकते ते मुख्यतः थंडी व आखूड दिवस यांमुळे. महाराष्ट्रात पानगळीचे मुख्य कारण पाण्याची टंचाई हे आहे. पावसाळ्याचे चार महिने संपल्यावर पुढील आठ महिने जमिनीतील ओलावा घटत जातो. पानांतून बाष्परूपाने पाणी सतत बाहेर पडते. हा खर्च थांबविण्याचा सोपा उपाय म्हणजे पानांचा त्याग. म्हणूनच उथळ, मुरमाड जमिनीवरचे झाड आधी निष्पर्ण होते आणि ओढ्याकाठचे त्याच जातीचे झाड महिनाभर उशिरापर्यंत हिरवे राहते. एकाच टेकडीवर वरून खाली येताना पानगळीचे निरनिराळे टप्पे दिसतात ते यामुळेच.

विशेष आश्चर्याची गोष्ट यापुढे आहे. चैत्रात ऊन तापलेले असते, विहिरी आटलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच वेळी अनेक झाडांना नवी पालवी फुटते. खोल गेलेली मुळे आणि खोडात साठविलेले पाणी व अन्न यांच्या बळावर झाड हे साहस करते. पहिला पाऊस पडेपर्यंत पाने कामाला सज्ज असावीत, असा त्यामागील हिशेब होय. ही कोवळी पालवी बहुधा तांबूस असते. तांबड्या द्रव्यामुळे कोवळ्या पेशींचे प्रखर उन्हापासून आणि काही अंशी किडींपासून रक्षण होत असावे, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. मराठी भाषेला ‘चैत्रपालवी’ हा शब्द सुचला, यावरून आपल्या पूर्वजांनी हा रंग किती बारकाईने पाहिला होता, हे ध्यानात येते.

झाडांचे पंचांग

रंगांचा हा क्रम महिन्यांनुसार सांगता येतो. डिसेंबर-जानेवारीत कोरड्या टेकड्यांवरील मोई आणि सालई पिवळ्या पडून पाने टाकू लागतात. याच सुमारास गावांत, शहरांत आणि किनाऱ्यावर लावलेला देशी बदाम आपली रुंद पाने लालभडक करतो. घरबसल्या पानगळीचा खरा तांबडा रंग पाहावयाचा असेल, तर देशी बदामासारखे दुसरे झाड नाही. त्याची पाने वर्षातून दोनदाही गळतात. महाराष्ट्राचे राज्यपुष्प ज्याला लागते तो ताम्हणही पाने टाकण्यापूर्वी ती तांब्याच्या रंगाची करून घेतो.

साग हा आपल्या पानझडी वनांचा राजा. त्याची सुपाएवढी पाने पिवळसर तपकिरी होऊन हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत गळत राहतात. सागाचे कोवळे पान हातावर चोळले तर तळहात लाल होतो, हा प्रयोग वनालगतच्या गावातील प्रत्येक मुलाने केलेला असतो. सागवनात शिरल्यावर पायांखाली होणारा पानांचा आवाज हा देखील त्या वनाच्या दर्शनाचा भाग आहे. वाघ, सांबर, अस्वल यांची चाहूल वनमजूर याच आवाजावरून ओळखतात.

फेब्रुवारीत पाने उतरलेल्या फांद्यांवर काटेसावर, पांगारा आणि पळस फुलतात. पाने नसल्यामुळेच ही फुले दुरून दिसतात आणि पक्ष्यांना मधासाठी बोलावतात. फाल्गुनी पौर्णिमेला पळसाच्या फुलांचा रंग करण्याची रीत याच मेळामुळे पडली. याच दिवसांत कांडोळ पूर्ण निष्पर्ण होतो. विदर्भात त्याला कुलू म्हणतात. त्याची पांढरी, गुळगुळीत साल चांदण्यात चमकते. अंधारात हे झाड उभ्या माणसासारखे दिसते, म्हणून त्याला ‘भुत्या’ हेही नाव मिळाले आहे.

मार्च-एप्रिलमध्ये कुसुमाची पाळी येते. कोकणात त्याला कोशिंब म्हणतात. त्याची नवी पालवी इतकी लाल असते की अनोळखी माणसाला झाड फुललेच आहे असे वाटते. आठवडा-दोन आठवड्यांत ही लाली पोपटी होते आणि मग गर्द हिरवी. त्याच सुमारास पिंपळ जुनी पाने झाडून तांबूस, पारदर्शक पाने धारण करतो. मोहाची फुले टपकून संपत आली की त्याला तांब्याच्या रंगाची पालवी येते. आंब्याची कोवळी पाने तर सर्वांच्या परिचयाची आहेत. ‘पालवी फुटली’ एवढेच म्हणून आपण पुढे जातो. ती किती रंगांत फुटते, हे मोजायला मात्र थांबत नाही.

कोठे पाहावे?

पानझडी वनांचे सर्वांत विस्तीर्ण दर्शन विदर्भात घडते. अमरावती जिल्ह्यातील मेळघाट हे १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक होय. येथील सिपना नदीचे नाव कोरकू भाषेतील सागावरून पडले आहे. नदीच्या नावातच वृक्ष असावा, इतके हे वन सागाचे आहे. सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याच्या कड्यांवरून जानेवारी-फेब्रुवारीत खालच्या दऱ्या पाहिल्या, तर तपकिरी, पिवळ्या व राखी छटांचे पट्टे एकाखाली एक पसरलेले दिसतात. ओढ्यांच्या काठची हिरवी रेघ तेवढी त्यांतून नागमोडी जाते. सेमाडोह आणि कोलकास ही ठिकाणे सिपनेच्या खोऱ्यात वनाच्या आत असल्यामुळे तेथे हेच दृश्य जवळून पाहावयास मिळते.

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे १९५५ मध्ये घोषित झालेले राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. लोक तेथे वाघासाठी जातात. वाघ दिसला नाही म्हणून निराश होऊन परतणाऱ्यांची संख्याही मोठी असते. साग आणि बांबू यांची पिवळसर दाटी, त्यांतून मधेच उभा असलेला पांढरा कुलू, आणि मार्चमध्ये तळ्याच्या कडेने पेटल्यासारखा दिसणारा पळस, हे दर्शन मात्र कोणालाही चुकत नाही. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील नवेगाव-नागझिरा क्षेत्राला २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. नवेगावचा जुना तलाव आणि भोवतीच्या टेकड्या यांचे रूप पानगळीत पूर्ण पालटते. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनाधिकारी म्हणून नवेगाव परिसरात दीर्घकाळ काम केले. झाडे, पक्षी व प्राणी यांची वनवासी बोलीतील नावे त्यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचविली. त्यांचे लेखन वाचून या वनांत जाणाऱ्याला पानगळ अधिक डोळसपणे पाहता येते.

मुंबईकरांना यासाठी दूर जावे लागत नाही. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यातील बराचसा भाग पानझडी वनाचा आहे. कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्या चढून माथ्यावर गेले असता फेब्रुवारीत सावर, पांगारा आणि निष्पर्ण फांद्यांची जाळी एका दृष्टिक्षेपात दिसते. शालेय सहलीला याहून सोयीचे ठिकाण राजधानीत नाही.

सह्याद्रीच्या माथ्यावरील वनांचा प्रकार निराळा आहे. भीमाशंकर, महाबळेश्वर, आंबोली या ठिकाणी सदाहरित किंवा निमसदाहरित वन आहे. तेथे सरसकट पानगळ होत नाही. परंतु फेब्रुवारी-मार्चमध्ये जांभूळ व इतर वृक्षांच्या शेंड्यांना तांबूस, गुलाबी, पोपटी अशी नवी पालवी येते आणि वरून पाहता हिरव्या छत्रावर रंगांचे ठिपके उमटल्यासारखे दिसतात. भीमाशंकरला राज्यप्राणी शेकरू याच छत्रातून फिरतो.

यांपैकी कोठेही जाणे शक्य नसेल, त्याने गावच्या पारावर बसावे. पाराचा पिंपळ चैत्राच्या आसपास थोड्याच दिवसांत जुना वेष टाकून नवा धारण करतो. हे दृश्य बहुतेक खेड्यांत, विनाखर्च उपलब्ध आहे.

गळलेल्या पानाचे काम

रंग पाहून झाला म्हणजे पानाचे काम संपले, असे मात्र नाही. ते खरे तर जमिनीवर पडल्यानंतर सुरू होते. झाडाने परत घेतल्यानंतरही पानात बरीच पोषकद्रव्ये उरलेली असतात. वाळवी, गांडुळे, बुरशी आणि असंख्य सूक्ष्म जीव पाचोळ्याचे पुन्हा मातीत रूपांतर करतात. जूनमधील पहिल्या वळिवाचे टपोरे थेंब उघड्या जमिनीवर आदळले तर माती उखडून वाहून जाते. पाचोळ्याच्या थरावर तेच थेंब पडले तर त्यांचा जोर मोडतो आणि पाणी सावकाश मुरते. वनालगतच्या गावातील विहिरीचे पाणी एप्रिलपर्यंत टिकते की फेब्रुवारीतच आटते, याचा वरच्या टेकडीवरील पाचोळ्याशी निकटचा संबंध आहे.

शेतकऱ्याला हे नवे नाही. कोकणात वाळलेल्या पानांना ‘पतेरा’ म्हणतात आणि तो गोळा करून आंब्या-काजूच्या आळ्यांत घालण्याची पद्धत आहे. कोकण व मावळ भागांत भाताची रोपे तयार करण्यापूर्वी पाला-पाचोळा पसरून राब भाजतात. पानांत खताचे मूल्य आहे, ही जाणीव त्यामागे आहे. सह्याद्रीतील कित्येक देवरायांत पडलेले वाळके पानही बाहेर नेऊ नये असा दंडक होता. त्याला धर्माचे रूप होते, परंतु परिणाम भूमिसंवर्धनाचा होता. म्हणूनच अनेक देवरायांच्या पायथ्याशी बारमाही झरे आढळतात.

वणवा का लागतो?

या संपत्तीचा सर्वांत मोठा शत्रू वणवा होय. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ वणव्याचा मानला जातो. रंगोत्सवाचा उत्तरार्धही याच काळात येतो. पर्यटकाला जो पाचोळा रमणीय वाटतो, तोच ठिणगीची वाट पाहत असलेला सरपणाचा थर असतो. विजेमुळे लागणारे वणवे आपल्याकडे अगदी थोडे. बहुतेक वणवे माणसाच्या हातून, कधी हेतुतः तर कधी निष्काळजीपणाने लागतात.

त्यामागील कारणे समजून घेतल्याशिवाय केवळ मनाई करून उपयोग होत नाही. मोहाची फुले पहाटे टपकतात. पाचोळ्यात ती वेचणे अवघड जाते, म्हणून झाडाखालची पाने जाळली जातात आणि आग पुढे पसरते. तेंदूच्या झुडपांना विडीसाठी लागणारा कोवळा पाला भरपूर फुटावा म्हणून ती छाटून आग लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. जुने गवत जाळले म्हणजे नवे चांगले येते या समजुतीने कुरणे पेटविली जातात. बांधावरील काडीकचरा जाळताना वाऱ्याने आग रानात शिरते. यांत आता पर्यटकांनी टाकलेल्या विडी-सिगारेटच्या थोटकांची व उघड्यावर पेटविलेल्या चुलींची भर पडली आहे. दमट समजला जाणारा पश्चिम घाटही यातून सुटत नाही. मार्च २०२३ मध्ये गोव्यातील म्हादई अभयारण्यासह अनेक ठिकाणी वणवे भडकले आणि ते विझविण्यासाठी हवाई दल व नौदलाची हेलिकॉप्टर बोलवावी लागली.

वणव्यानंतर वन नष्ट झाले असे लगेच दिसत नाही. मोठी झाडे उभीच राहतात, पावसाळ्यात सारे पुन्हा हिरवे होते आणि नुकसान विसरले जाते. परंतु जमिनीवरचे बी, कोवळी रोपे, जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि मातीतील जीव जळून गेलेले असतात. असे दरवर्षी घडले म्हणजे आगीला तोंड देऊ शकणाऱ्या मोजक्याच जाती टिकतात, इतर वृक्षांची नवी पिढी उभी राहत नाही. पन्नास वर्षांनी त्या टेकडीवर एकच एक रंग उरतो. रंगांचे वैविध्य हे वृक्षांच्या वैविध्याचे दृश्य रूप असल्यामुळे, जो वणवा रोखतो तोच पुढील पिढीसाठी हा रंगोत्सव राखून ठेवतो.

पाचगावचा निर्णय

या प्रश्नाला गावाने दिलेले उत्तर पाहावयाचे असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये या गावाला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाले. बांबूची विक्री हे गावाच्या उत्पन्नाचे मुख्य साधन झाले. तेंदूपानांतूनही पैसा मिळणे शक्य होते आणि विदर्भातील अनेक ग्रामसभा तो रीतसर मिळवितात. पाचगावच्या ग्रामसभेने मात्र विचारान्ती तेंदूपाने न तोडण्याचे ठरविले. त्यासाठी झाडांची छाटणी होते आणि रानाला आगी लागतात, हे कारण ग्रामसभेपुढे होते. हाती येणारे उत्पन्न सोडून वनाची राखण करण्याचा हा निर्णय कोणा अधिकाऱ्याच्या आदेशाने झालेला नाही. न छाटलेल्या तेंदूला फळे येतात. ती माणसांना, पक्ष्यांना आणि अस्वलांनाही मिळतात.

प्रत्येक गावाने हाच निर्णय घ्यावा, असे सांगता येणार नाही. ज्या कुटुंबाचा उन्हाळा तेंदूपानांच्या मजुरीवर निघतो, त्याला त्याग करा म्हणणे सोपे आणि अन्यायाचे आहे. परंतु आग न लावता पाने तोडता येतात, हे अनेक ठिकाणी दिसून आले आहे. पाचगावच्या उदाहरणाचे महत्त्व यात आहे की, हक्क मिळाल्यावर गावाने वनाचा विचार मालकाच्या नजरेने केला. पुढील वर्षीही हे रान आपलेच आहे, अशी खात्री ज्याला असते तो आग लावण्यापूर्वी थांबतो.

पंचायत आणि शाळा काय करू शकतील?

वणव्याच्या काळाआधी, म्हणजे जानेवारीतच, ग्रामसभेत या विषयाची चर्चा होणे उपयुक्त ठरते. वन विभाग दरवर्षी जाळरेषा काढतो. वनाच्या कडेने ठराविक रुंदीचा पट्टा साफ करून आग पसरण्यास अटकाव करणे हा तिचा हेतू. गावाच्या बाजूची जाळरेषा कोठे असावी, हे वनरक्षकाइतकेच गुराख्याला ठाऊक असते. दोघांनी एकत्र शिवार फिरून ती आखल्यास काम अधिक परिणामकारक होते. मोह वेचणाऱ्या कुटुंबांना झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरण्यास प्रवृत्त करावे. फुले स्वच्छ मिळाल्याने त्यांना भावही बरा येतो. पाने बाजूला करावयाचीच असतील तर ती झाडून ढीग करावीत, पेटवू नयेत. बांध जाळणाऱ्यांनी वारा पडलेला असताना आणि सोबतीला माणसे घेऊनच ते काम करावे, असा नियम ग्रामसभा ठरवू शकते.

राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, ही माहिती गावात सर्वांना असावी. तसेच वनहक्क अधिनियमाने ग्रामसभेला वनाच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे, हेही माहीत असावे. देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे वणव्याच्या सूचना देत आली आहे. सूचना वनाधिकाऱ्याच्या भ्रमणध्वनीवर पोहोचली तरी आग विझविण्यास हिरव्या फांद्या घेऊन धावणारे पहिले हात गावातलेच असतात. या हातांची यादी आगाऊ तयार असणे, हीच खरी पूर्वतयारी होय.

जेथे पर्यटक येतात किंवा येऊ शकतात, तेथे पंचायतींनी पानगळीचा हंगाम स्वतंत्रपणे लक्षात घ्यावा. धबधब्यांसाठी पावसाळ्यात आणि फुलांसाठी भाद्रपद-आश्विनात गर्दी होते. त्यानंतर अनेक ठिकाणचे वाटाडे व खाणावळी रिकाम्या असतात. जानेवारी ते एप्रिल या काळात झाडे ओळखून दाखवू शकणारे गावातील तरुण वाटाडे तयार झाले, तर त्यांना काम मिळेल आणि पर्यटकांच्या वर्तनावरही देखरेख राहील. ज्या कुसुमाची पालवी पाहण्यासाठी माणसे येतात, त्या कुसुमावर कुऱ्हाड किंवा आग येऊ नये याची काळजी गाव आपोआप घेते.

शाळेसाठी तर हा विषय अत्यंत सोयीचा आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. शाळेजवळची पाच झाडे निवडावीत: एक पिंपळ, एक आंबा, एक देशी बदाम आणि परिसरात असतील ती दोन रानझाडे. दर आठवड्याला एका ठरलेल्या दिवशी मुलांनी पुढील गोष्टी वहीत लिहाव्यात: जुनी पाने किती, गळती सुरू झाली का, नवी पालवी आली का, तिचा रंग कोणता, फूल-फळ आहे का. तीन-चार वर्षांच्या नोंदी जमल्या की पावसाचे प्रमाण आणि पानगळीची वेळ यांचा संबंध मुले स्वतः शोधू शकतील. देशपातळीवर ‘सीझनवॉच’ या उपक्रमात २०१० पासून अशा नोंदी विद्यार्थी व नागरिक यांच्याकडून गोळा केल्या जात आहेत. गावाच्या जैवविविधता नोंदवहीतही या माहितीला स्थान मिळू शकते. झाडांची स्थानिक नावे वडीलधाऱ्यांकडून विचारून घेण्याचे काम मुलांवर सोपविले, तर विस्मृतीत जाणारे कित्येक शब्दही वाचतील.

आणखी एक छोटा प्रयोग शिक्षकांना करून दाखविता येईल. शाळेच्या आवारात उताराची दोन सारखी वाफे घ्यावीत. एकावर पाचोळा पसरावा, दुसरे उघडे ठेवावे. दोन्हींवर झारीने सारखेच पाणी घालावे आणि खाली येणारे पाणी दोन काचेच्या पेल्यांत धरावे. एका पेल्यातील पाणी गढूळ व अधिक, दुसऱ्यातील निवळ व कमी दिसेल. मृद्संधारणावरील पाठ यानंतर वेगळा शिकवावा लागत नाही.

महाराष्ट्राला निसर्गाने पानांचे रंग कमी दिलेले नाहीत. त्यांचा मोसम आणि ठिकाणे मात्र वेगळी आहेत. ज्यांना ती माहीत आहेत असे लोक गावोगावी आहेत. मोह वेचणारी बाई, गुराखी, वनमजूर आणि देवराईचा पुजारी यांच्याजवळ हे ज्ञान आहे. ते ज्ञान शाळेच्या वहीत आणि ग्रामसभेच्या ठरावात उतरविण्याचे काम शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्या आवाक्यातील आहे. येत्या माघात गावाच्या टेकडीवर पाने पिवळी पडू लागतील, तेव्हा जाळरेषा काढून झालेली असावी आणि मुलांच्या वहीचे पहिले पान भरलेले असावे. असे झाले तर त्या वर्षीचा पाचोळा मृगाचा पाऊस येईपर्यंत जागेवर राहील, आणि त्याखालून उगवणाऱ्या कुसुमाच्या रोपाला वाढण्याची संधी मिळेल.